हेलसिंकी : दोन दिवसांत घडलेला इतिहास

हेलसिंकीला जाण्यामागे माझे कारण एकच होते, ते म्हणजे १९५२ चे ऑलिंपिक. खेळाच्या इतिहासातले माझे सर्वांत आवडते दोन दिवस, २३ आणि २४ जुलै, याच शहरात घडले आणि त्यांच्या जागा आजही उभ्या आहेत.

ऑलिंपिक स्टेडियमच्या बाहेर फिनलंडचा महान धावपटू पाव्हो नुर्मी याचा धावता पुतळा आहे. हे मैदान १९३८ मध्ये उघडले, ते १९४० च्या ऑलिंपिकसाठी. पण युद्धामुळे ती स्पर्धाच झाली नाही आणि मैदानाला बारा वर्षे थांबावे लागले. शेजारचा पांढरा मनोरा ७२.७१ मीटर उंच आहे, कारण फिनलंडच्या मॅट्टी यार्विनेनने १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकताना भाला तेवढाच लांब फेकला होता. फेकीचे अंतर असे उभे करून ठेवण्याची कल्पना मला कोणत्याही स्मारकापेक्षा अधिक आवडली. त्याच मैदानाची एक काळी बाजूही सांगायला हवी. उद्घाटनाच्या स्पर्धेत १०० मीटरची शर्यत प्रथम पार केलेल्या अब्राहम टोकाझिएर या ज्यू धावपटूला पंचांनी चौथा ठरवले, शेवटच्या क्षणाचे छायाचित्र उलट साक्ष देत असतानाही, आणि ती चूक दुरुस्त व्हायला २०१३ उजाडले.

मनोऱ्याच्या माथ्यावरून धावपट्टीचे शेवटचे वळण स्पष्ट दिसते. २४ जुलैला ५००० मीटरच्या शेवटच्या फेरीत चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक चौथ्या स्थानावर घसरला होता. पुढे चॅटवे, शाडे आणि मिमून असे तिघे होते. कागदावर वाचताना हे वळण लहान वाटते, पण वरून पाहिल्यावर कळते की एवढ्याशा जागेत, बाहेरच्या बाजूने जास्त अंतर धावून तिघांना मागे टाकायचे म्हणजे काय. चॅटवेचा पाय कडेला अडखळला, तो पडला, आणि झाटोपेक १४ मिनिटे ६.६ सेकंदांत जिंकला. त्याच दिवशी त्याची पत्नी डाना हिने भालाफेकीचे सुवर्ण मिळवले. चार दिवसांपूर्वी त्याने १०,००० मीटर जिंकले होते आणि तीन दिवसांनी, आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन धावत, तिसरे सुवर्णही घेतले. मॅरेथॉनमध्ये त्याने आघाडीच्या ब्रिटिश धावपटू जिम पीटर्सला वाटेत विचारले होते की वेग पुरेसा आहे ना. पीटर्सने थकलेला असूनही वेग कमी आहे असे सांगितले, झाटोपेक पुढे निघून गेला आणि पीटर्सला शर्यत सोडावी लागली.

मात्र माझा खरा ओढा स्टेडियमजवळच्याच त्योलो भागातल्या एका इमारतीकडे होता. तेव्हाचे मेस्सुहल्ली, म्हणजे आजचे क्रीडागृह, १९३५ मध्ये प्रदर्शनांसाठी बांधलेले आहे. २३ जुलैला इथेच गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बॅन्टमवेट या हलक्या वजनगटाच्या फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आत रोजच्या खेळांची वर्दळ असते आणि त्या दिवसाची आठवण शोधावीच लागते. मातीत घडलेला हा मल्ल गादीवर उतरला होता, तोही लोकांनी वर्गणी काढून आणि राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून पाठवले म्हणून. जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर त्यांना पुरेशी विश्रांती न देता सोव्हिएत मम्मादबेयोव्हसमोर उभे केले, आणि नियमावर बोट ठेवायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते. माझ्या मते त्या पदकाचा रंग ठरवण्यात या गैरहजेरीचा वाटा कुस्तीच्या डावांइतकाच होता.

दुसऱ्या दिवशी क्यापुलातल्या सायकल-शर्यतींच्या मैदानावर, म्हणजे वेलोड्रोमवर गेलो. तिथे २४ जुलैला भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ असे हरवले, त्यातले पाच गोल बलबीर सिंगचे. देशाने हा विजय गाजवला, आणि तो तसा होताच. पण आदल्या दिवशीच्या कांस्यपदकानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ चे अटलांटा ऑलिंपिक उजाडावे लागले.