एकच प्रोटीन, पाण्यात एक आणि हवेत दुसरं

पावसाळ्यात आमच्या गोव्यात हात लावाल तिथे बुळबुळीत. शेवाळ तर असतंच पण जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मालीमच्या जेटीकडे वर काढलेल्या ट्रॉलरचा तळ बघा, तिथे शिंपल्या चिकटायच्या आधी बहुतेक वेळा बॅक्टेरियाचा चिकट थर बसलेला असतो. ही बायोफिल्म. माझं सध्याचं काम असल्या थरातल्या प्रोटीनच्या स्ट्रक्चरवर आहे, आणि घरी कोणी "म्हणजे तू नेमकं करतेस काय गो?" विचारलं की मी बीएसएलए (BslA) नावाच्या प्रोटीनचं उदाहरण देते (ट्रॉलरवर हे शोधायला जाऊ नका, हे बॅसिलसचं आहे).

बॅसिलस सबटिलिस म्हणजे मातीतला अगदी साधा बॅक्टेरिया. त्याच्या सुरकुतलेल्या बायोफिल्मवर थेंब टाकला तर अळवावरच्या पाण्यासारखा गोल बसतो, पसरतच नाही, आणि गंमत म्हणजे 80 टक्के इथेनॉलनेसुद्धा ती भिजत नाही, मग वरून जंतुनाशक ओतून आत काय पोचणार! वरचा हा पाणी झटकणारा थर बीएसएलएचा.

2013 मध्ये त्याचं क्रिस्टल स्ट्रक्चर, म्हणजे प्रोटीनचे स्फटिक करून एक्स-रेने काढलेला आकार, आलं. धड इम्युनोग्लोब्युलिनसारखं, म्हणजे आपल्या अँटिबॉडीत असतो तसला फोल्ड, आणि एका टोकाला टोपी, जिच्यात ल्युसिन वगैरे पाण्याशी न पटणारे अमिनो ॲसिड चक्क बाहेर तोंड करून. एरवी प्रोटीन असली मंडळी पोटात लपवतं. टोपीतल्या ल्युसिनच्या जागी लायसिन (पाण्याशी पटणारं अमिनो ॲसिड) घातलं की पाणी झटकणं बिघडतं, म्हणजे काम टोपीचंच. पण मग हे प्रोटीन पाण्यात असताना गोळा होऊन खाली का बसत नाही? तर पाण्यात ते टोपीतले ल्युसिन आत वळवून ठेवतं, आणि हवा-पाण्याच्या सीमेवर पोचलं की टोपी उलगडते, तिची बीटा शीट (प्रोटीनच्या साखळीचे पट्टे शेजारी-शेजारी बसून झालेली सपाट घडी) बनते आणि शेजारच्याला धरून जाळी विणते. मला हे वाचून त्या रात्री झोप नाही आली, खरंच.

म्हणूनच "आता अल्फाफोल्ड (प्रोटीनचा आकार सांगणारं एआय) आलंय, स्ट्रक्चरचं काम संपलं" असं कोणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अल्फाफोल्ड मीही रोज वापरते, भारीच आहे, पण ते बहुतेक वेळा एकच आकार हातात देतं. हा आकार पाण्यातला की सीमेवरचा हे आपल्यालाच ठरवायला लागतं, आणि त्याला प्रयोगच हवा.

त्यात आणखी एक भानगड म्हणजे शेपटाकडचे दोन सिस्टीन, म्हणजे गंधक असलेले अमिनो ॲसिड. ऑक्सिजन मिळाला की त्यांच्यातून दोन बीएसएलए डायसल्फाइडने, म्हणजे गंधका-गंधकातल्या बंधाने, जोडले जातात. 2017 च्या कामात हे सिस्टीन काढून बघितले तर बायोफिल्मच्या सुरकुत्या तशाच राहिल्या पण थेंब पसरायला लागला. म्हणजे रचना उभी करायला सुटं बीएसएलए पुरतं, पाणी झटकायला मात्र जोडी लागते. आणि ऑक्सिजन भरपूर कुठे, तर वर, हवेकडच्या बाजूला, जिथे ही जोडी हवी असते नेमकी तिथेच.