धूर निळा होईपर्यंत

गेल्या जुलैतली गोष्ट. अलिबागजवळच्या ज्या रिसॉर्टमध्ये मी मुख्य आचारी आहे, तिथे शनिवारच्या जेवणातून एक ताट परत आलं. त्यात बोकडाची अख्खी मांडी होती, नऊ तास मंद धगीवर शिजवलेली. पाहुण्यांनी जेमतेम दोन घास खाल्ले होते. मी एक तुकडा तोंडात टाकला. मीठ बरोबर, मसाला बरोबर, मांस हाडापासून अलगद सुटत होतं. पण जिभेच्या मागच्या बाजूला डांबरासारखा कडूपणा रेंगाळला. त्या रात्री आणखी तीन टेबलांवरून तीच तक्रार आली. मला झोप लागली नाही.

आमच्याकडे सिरॅमिकचं मोठं ग्रिल आहे, अंड्याच्या आकाराचं. याला कामाडो म्हणतात. जपानी भाषेत कामाडो म्हणजे चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी अशा मातीच्या चुली जपानमधून घरी नेल्या आणि तिकडे त्याचं हे रूप झालं. भिंती जाड असल्याने उष्णता आत कोंडून राहते आणि थोड्याशा हवेवर निखारे तासन् तास टिकतात. पण हाच गुण उलटतोसुद्धा. उघड्या शेगडीवरचा खराब धूर वाऱ्यावर निघून जातो, इथे तो झाकणाखाली मांसाला चिकटून बसतो. म्हणून या ग्रिलसाठी कोळसा निवडायला डोळ्यांत तेल घालावं लागतं. आणि मी तो निवडलाच नव्हता. आधीचा परदेशी कोळसा संपला, म्हणून जवळच्या वखारीतून ‘एक नंबर बाभूळ’ म्हणून आलेलं पोतं तसंच ओतलं होतं.

पुढच्या शनिवारी एका आजोबांच्या पंचाहत्तरीचं चाळीस माणसांचं जेवण होतं. त्यांच्या मुलाने मेन्यूत तीच मांडी मागितली होती. बुधवारी सकाळी मी मागच्या पडवीत चार लोखंडी शेगड्या मांडल्या. बाहेर पाऊस कोसळत होता, पण कोळसा बंद खोलीत पेटवायचा नाही हा माझा नियम आहे. त्याच्या विषारी वायूला ना रंग ना वास. प्रत्येक शेगडीत किलोभर कोळसा घातला: बाभूळ, वेडी बाभूळ, आंबा आणि नारळाची करवंटी.

आंबा सगळ्यांत आधी पेटला, फुंकणी हातात घ्यावीच लागली नाही. पण लाकूड हलकं, कोळसाही हलका. तासाभरात राखेशिवाय काही उरलं नाही. मांसाचे पातळ तुकडे भाजायला ठीक, रात्रभराच्या कामाला नाही. आणि त्याच पोत्यात मला एक ढेकूळ सापडलं, ज्याच्या दोन कडा रंधा मारल्यासारख्या सरळ होत्या आणि एका टोकाला गंजलेला खिळा होता. म्हणजे ते झाडाचं लाकूड नव्हतं, खोक्याचं नाहीतर चौकटीचं होतं. त्यावर कसला रंग होता, कसली फवारणी झाली होती, कोणाला ठाऊक. अशा कोळशावर मी कोणाच्या पोटात जाणारं अन्न शिजवणार नाही. ते पोतं तिथेच बाजूला केलं.

करवंटीची धग जबरदस्त आणि धूर नावालाच. मला ती मनापासून आवडते. पण तिचे बारीक, वाकडे तुकडे एकमेकांत बसतात आणि ग्रिलच्या तळच्या जाळीची भोकं बुजवतात. खालून हवा मिळाली नाही की मध्यरात्री आग गुदमरते.

वेडी बाभूळ कच्छकडून आली होती. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. टेक्सास-मेक्सिकोकडे ज्या मेस्किटच्या कोळशाची एवढी वाखाणणी होते, ती झाडं हिच्याच गोतातली. कोळसा जड, धग कडक, पण ती पेटताना तडतडत होती. दोन ठिणग्या माझ्या एप्रनवर पडून भोकं पडली. पावसाळी हवेतली ओल पिऊन ती जास्तच उडते.

राहिली बाभूळ. पेटायला वेळ लागला, मग निखारे छान फुलले. पण धूर दाट, पांढरा आणि डोळ्यांत झोंबणारा. मागच्या शनिवारचाच वास. मी वहीत लिहिलं, ‘बाभूळ बाद’.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. ताई कातकरी समाजातल्या. रायगडातली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ताईंचं सगळं लहानपण असं भट्ट्यांवर गेलेलं. हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

“दादा, बाभळीला का नावं ठेवता?” त्या म्हणाल्या. पोत्यातून एक ढेकूळ उचलून त्यांनी ते दुसऱ्यावर आपटलं. ठक्, असा लाकडी आवाज आला. मग दोन्ही हातांनी मोडून ते माझ्यापुढे धरलं. बाहेरून काळंभोर, आत मात्र तपकिरी गाभा, आणि त्यात लाकडाच्या रेषा अजून स्पष्ट दिसत होत्या. “हा कच्चा. ह्याचं लाकूड अजून मेलेलं नाही.” दुसरं ढेकूळ आपटलं तर काचेवर काच वाजावी तसं खणखणीत वाजलं. मोडलं तर कड आरशासारखी चमकली, आणि बोटाला काळं जेमतेम लागलं. दोन्ही एकाच पोत्यातली, एकाच झाडाची असतील कदाचित.

मी ‘बाभूळ बाद’ खोडलं.

मग ताई पोत्याशेजारी बसल्या आणि एकेक ढेकूळ वाजवत दोन ढीग करू लागल्या. मीही बसलो. बोलता बोलता त्यांनी भट्टी सांगितली. लाकडं रचायची, वर गवत-पाला, त्यावर माती लिंपायची, पेटवून तोंड बुजवायचं आणि कडेला हवेपुरती भोकं ठेवायची. आधी पांढरा धूर येतो, तो लाकडातल्या पाण्याचा. मग तो निळसर, पातळ होतो आणि शेवटी दिसेनासा होतो. तेव्हा भोकं बंद करायची. घाई करून आधीच बंद केलं, तर माल कच्चा राहतो आणि वजन जास्त भरतं. चुकून माती खचली, हवा शिरली, तर सगळ्याची राख. म्हणून रात्रभर कोणीतरी जागं राहायचं. माती खचलेल्या ठिकाणी त्यांच्या भावाचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता. हे सांगताना त्यांचा हात थांबला नाही, ठक्-खण् चालूच होतं.

मी मात्र थांबलो. वीस वर्षं मी विस्तवावर काम करतोय, आणि निखाऱ्याच्या मागे कोणाचा पाय असेल असं मनात आलं नव्हतं.

चाळीस किलोच्या पोत्यातून सतरा किलो कच्चा निघाला. संध्याकाळी पक्की बाभूळ ग्रिलमध्ये भरली, मोठी ढेकळं खाली, लहान वर, मध्ये हवेला वाट ठेवून. पेटवायला रॉकेल किंवा कसलंही द्रव वापरलं नाही. सिरॅमिक ते पिऊन घेतं आणि पुढे कित्येक दिवस अन्नाला वास देतं. एकाच जागी पेटवलं, खालचं दार दोन बोटं उघडं ठेवलं, वरची चकती किंचित. तापमान हळूहळू चढू दिलं, कारण या भिंती एकदा जास्त तापल्या की लवकर निवत नाहीत.

पहिली पंचवीस मिनिटं पांढरा धूर होताच. कोळशात पावसाची ओल होती. मी मांडी घेऊन उभा होतो. ताई म्हणाल्या, “थांबा दादा.” धूर विरळ झाला, मग चकतीच्या वर निळसर धागा उरला. “आता ठेवा.”

११५ अंशांवर दहा तास. पहाटे मी झाकण आधी बोटभर उचललं, हवा आत शिरू दिली, मग उघडलं. एकदम उघडलं तर कोंडलेली आग भपकन तोंडावर येते. मांडीचा पहिला तुकडा ताईंना दिला. त्या चावत राहिल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “धुराची चव नाही, मटणाचीच आहे.” तळाशी निम्म्याहून जास्त कोळसा शिल्लक होता आणि राख दोन मुठीही नव्हती.

शनिवारी पंचाहत्तरीच्या आजोबांनी मांडी दुसऱ्यांदा मागून घेतली.

आता कोळशाची गाडी आली की माल उतरवून घेण्याचं काम ताईंकडे आहे, आणि त्याचे वेगळे पैसे मालकांकडून मंजूर करून घेतले आहेत. मागच्या आठवड्यात वखारवाल्यांचा माणूस पोतं टेकवून म्हणाला, “शेफ, एक नंबर बाभूळ आहे, बघायची गरज नाही.” मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं, दोन ढेकळं काढली आणि एकमेकांवर आपटली. ठक्.

“गाडीत परत ठेवा,” ताई म्हणाल्या.