बँथाच्या पोटातली हत्तीण

१९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात कथानायक ल्यूकला बँथा दुर्बिणीतून दिसतो आणि तोही जेमतेम काही क्षण. टॅटूइन ग्रहाच्या वाळवंटात दोन अजस्र, केसाळ, वळणदार शिंगांची जनावरे उभी असतात, मात्र त्यांच्या पाठीवर कोणीही नसते. बांधावर मोकळी बैलगाडी दिसली की गाडीवान जवळपासच असणार हे जसे सांगावे लागत नाही, तसेच ल्यूकलाही कळते की टस्कन रेडर्स, म्हणजे त्या वाळवंटातले मुखवटाधारी भटके, इथेच कुठेतरी आहेत. या जमातीचे चेहरे आपल्याला दिसत नाहीत आणि तिची भाषाही कळत नाही, त्यामुळे तिच्याविषयी जे काही समजते त्यातले बरेचसे या जनावरावरूनच.

आणखी थोड्या वेळाने याच चित्रपटात बँथाची पावलेच साक्षीला येतात. जावा नावाच्या बुटक्या भंगारवाल्यांच्या गाडीवर हल्ला झालेला असतो आणि पुरावे सगळे टस्कनांकडे बोट दाखवत असतात. परंतु आपली संख्या कळू नये म्हणून टस्कन नेहमी एकामागोमाग एक चालतात आणि येथे तर बँथांचे माग शेजारी-शेजारी उमटलेले आहेत, हे ल्यूकसोबतचा वृद्ध योद्धा ओबी-वान हेरतो आणि हल्लेखोरांचा बनाव उघडा पडतो. जनावर कसे दिसते एवढ्यावरच न थांबता त्याला हाकण्याची रीतही योजली गेली, हे मला पटकथेतले खरे कसब वाटते.

त्या लोकरीखाली मात्र एक खरीखुरी हत्तीण होती. कॅलिफोर्नियातल्या एका प्राणी-उद्यानातील मार्जी नावाच्या आशियाई हत्तिणीला डेथ व्हॅलीत नेऊन तिच्यावर हे सोंग चढवण्यात आले. तिच्या पाठीवर अंबारीसारखा सांगाडा बांधून त्यावर ताडाच्या झावळ्या लावल्या होत्या, शिंगे हवा खेळवण्याच्या लवचीक नळ्यांची केलेली होती आणि दाढी घोड्याच्या केसांची होती. उन्हात तिला हे सारे नकोसे होई आणि ती ते अंगावरून झटकून टाकू पाहत असे, असे सांगतात. (तिचे काहीच चुकले नाही!) बँथाच्या चालीत जे जडत्व आणि जी स्वस्थता आहे, ती मला तरी या हत्तिणीचीच देणगी वाटते, नंतरच्या काळात संगणकावर घडवलेल्या कळपांत ती तितकीशी उतरत नाही.

पुढील कथांमधून या जनावराचा संसार वाढत गेला. बँथाचे निळे दूध टस्कनांइतकेच शेतकरी वसाहतवाल्यांच्याही घरात पोहोचते, म्हणजे एकमेकांचे वैरी असलेले हे दोघे एकाच जनावराचे दूध पितात. २०२० साली आलेल्या 'द मँडलोरियन' या मालिकेच्या एका भागात टस्कन आपला बँथा क्रेट ड्रॅगन या वाळवंटातल्या अजस्र श्वापदापुढे भक्ष्य म्हणून उभा करतात, आणि दौलत म्हणून जपलेले जनावर संकटात बळी द्यावे लागते, ही गोष्ट आपल्याला कळते.

जुन्या, आता अधिकृत न मानल्या जाणाऱ्या कथांमध्ये एक चाल सांगितली आहे. प्रत्येक टस्कन स्वाराची एकाच बँथाशी जन्माची जोडी ठरते आणि स्वार मेला तर त्याचा बँथा वाळवंटात मोकळा सोडला जातो. हे वाचताना मला आजोबा आठवले. त्यांनी थकलेला बैल विकला, व्यवहार पूर्ण झाला, आणि देताना गळ्यातले दावे मात्र सोडून घेतले. ते बरीच वर्षे गोठ्याच्या खुंटीवर लटकत होते आणि त्याला हात लावण्याची आम्हां नातवंडांना परवानगी नव्हती.

२०२२ च्या सुरुवातीला 'द बुक ऑफ बोबा फेट' या मालिकेत भाडोत्री शिकारी बोबाला आसरा देणारी टस्कन टोळी मारली जाते आणि त्या दिवसांची सोबत म्हणून त्याच्याजवळ त्याचा बँथा तेवढा उरतो. पुढे आपले जुने यान परत मिळवण्याची वेळ येते, तेव्हा बोबा त्याला मोकळे करतो, पोटभर खा, आपल्यासारख्यांत जा, पिल्ले होऊ दे, असे काहीबाही सांगतो आणि त्याला वाळूत पुढे लावून देतो.