वाटोळ्या शून्याची गाडी

परवा दुपारी लॅपटॉपात तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती, आणि बराच वेळ तेवढीच होती. बाहेर पाऊस. बेळगावात जुलैच्या उजेडावरून दुपार की संध्याकाळ हे कुणी सांगू नये. आतनं आईनं विचारलं, "चहा टाकू काय?" मी कोपऱ्यातलं घड्याळ बघून म्हटलं, "आत्ताच?"

"साडेचार होऊन गेले की."

बाण हलवला, हलेना. कॅप्स लॉक दाबलं, दिवा लागेना. म्हणजे कर्नलच बसला, सगळ्या सिस्टिमचा गाभा असलेला प्रोग्रॅम. (आमच्याकडे कर्नल म्हटलं की लोकांना कॅम्पातला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा आठवतो. तो असा बसत नाही.) सकाळी अपग्रेडला डोळे झाकून 'वाय', म्हणजे हो, म्हटलं होतं, त्याचं हे फळ. नवा कर्नल, ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम. यादी कोण वाचतं?

पॉवरचं बटण दाबून धरून मशीनचा गळा आवळणारी माणसं मला आवडत नाहीत. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून आर, ई, आय, एस, यू, बी अशी अक्षरं सावकाश दाबावीत. एसनं लिहायचं राहिलेलं डिस्कवर जातं, यूनं डिस्क नुसती वाचण्यापुरती उरते, बीनं मशीन नव्यानं उठतं. घाईत असलो की मीही गळाच आवळतो, ते सोडा.

मशीन उठताना कुठला कर्नल घ्यायचा ते विचारणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत जुना कर्नल होता. उबुंटू, म्हणजे माझ्या लॅपटॉपातलं लिनक्स, तो लगेच टाकून देत नाही, माळ्यावर ठेवल्यासारखा ठेवतो. त्यावर लॅपटॉप उठला. मग सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलला 'वजा बी वजा एक' सांगून मागच्या जन्माची नोंद उघडली. हजारो ओळी. त्या वाचायच्या नसतात, आपली तेवढी ओळखायची असते. हे मी आईकडून शिकलो.

तिचं माहेर नंदगड. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली फाशी दिली, ते. आईला कन्नड वाचता यायचं नाही आणि स्टँडवर पाट्या सगळ्या कन्नड. तिची खूण ठरलेली: चार अक्षरं, आणि पहिल्याच्या मागं एक वाटोळं शून्य. तो अनुस्वार. कन्नडमध्ये तो डोक्यावर चढत नाही, शेजारी बसतो. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मी, आणि नजर शून्यावर.

एका मे महिन्यात शून्य दिसलं, आम्ही चढलो. खिडकी मिळाली म्हणून मी खूश. काकती जवळ आली तेव्हा कंडक्टर तिकिटाला आला. गाडी संकेश्वरची. 'सं'च्या मागंही शून्य असतंच की! "इळीरी अक्का, इळीरी," म्हणाला, आणि आम्ही हायवेच्या कडेला, कुंद्याच्या पुड्यासकट. आई माझ्यावरच डाफरली, "शाळेत जातोस नव्हं? चार अक्षरं मोजता येईनात?"

मोजली होती. चारच भरली होती.

परवा नोंदीत तेच झालं. एसीपीआयची, म्हणजे वीज-बॅटरी सांभाळणाऱ्या भागाची, तक्रार लाल अक्षरांत दिसली आणि मी चढलो. तासभर तिच्याशीच झटत बसलो. मग ध्यानात आलं, ही ओळ लॅपटॉप आणला त्या दिवसापासून आहे, बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. खरी ओळ पार शेवटाकडे, ड्रायव्हरच्या नावाची, साध्या पांढऱ्या अक्षरांत. त्याची आधीची आवृत्ती परत घातली, अपग्रेडनं तिला हात लावू नये म्हणून होल्डवर टाकली. अपडेटची सूचना रोज येते, मी रोज 'नंतर' म्हणतो.

गेल्या महिन्यात आईला घेऊन स्टँडवर गेलो होतो. काही गाड्यांवर आता पळती अक्षरं असतात. ती मान वर करून बघत उभी राहिली. शून्य सापडेपर्यंत पाटी पुढं सरकायची. दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. मग पिशवी माझ्या हातात दिली.

"तूच बघ," म्हणाली.