दोऱ्याएवढे अंतर

स्वतःला कुठेही जायचे नसताना दोन दूरच्या विमानतळांमधले अंतर पाहत बसण्याची मला जुनी खोड आहे. अशाच एका रिकाम्या दुपारी सिंगापूर आणि न्यूयॉर्क ही जोडी हाताला लागली. अंतर सुमारे 15,300 किलोमीटर आणि मध्ये कुठेही न थांबता वेळ साडेअठरा तासांच्या आसपास. मी लगेच भागाकार मांडला. प्रवासी विमान ताशी साधारण 900 किलोमीटर उडते, म्हणजे 17 तास पुरायला हवेत. मग वरचा दीड तास गेला कुठे, या हिशेबात माझी सगळी दुपार गेली.

थोडा वेळ जमिनीवरच जातो, कारण वेळापत्रकातले घड्याळ विमान जागचे हलताच सुरू होते आणि धावपट्टीपुढची रांगही त्यातच मोजली जाते. उरलेल्याचा जाब मात्र वाऱ्याला विचारायला हवा.

लहानपणी आमच्या घरी जेमतेम 30 सेंटीमीटर व्यासाचा, एका बाजूने चेपलेला पृथ्वीगोल होता. सपाट नकाशावर पट्टी ठेवली, की न्यूयॉर्कहून निघालेली रेघ अटलांटिक, सहारा आणि अरबी समुद्र ओलांडून गुमान सिंगापूरला पोहोचत असे. एकदा आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन मी तोच प्रवास गोलावर ताणून पाहिला, तर दोरा सहाराकडे फिरकेचना. तो सरळ वर चढला आणि उत्तर ध्रुवावरच्या स्क्रूला जाऊन अडला. मी तो पुनःपुन्हा खाली ओढून नकाशाप्रमाणे वागायला लावत होतो आणि दर वेळी तो अपुरा पडत होता. पट्टी खोटे बोलू शकते, हे तेव्हा मला फारच लागले होते. अखेर हार मानून दोरा मोजला, तेव्हा तो 36 सेंटीमीटर भरला.

गंमत अशी, की विमानेही दोऱ्याचे मुकाट्याने ऐकत नाहीत. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा वेगवान वारा पाठीशी मिळावा म्हणून सिंगापूरहून निघालेले विमान पुष्कळदा ध्रुव सोडून पॅसिफिकवरून जाते. किलोमीटर वाढतात, पण वेळ वाचतो. फेब्रुवारी 2020 मध्ये असाच जोरदार वारा पाठीशी लागून न्यूयॉर्कहून सुटलेले एक विमान पाच तासांच्या आत लंडनला पोहोचले होते. तोच वारा परतीच्या विमानाला समोरून अडवतो. त्यामुळे ‘जायला जितके, तितकेच यायला’ असे कुणी बेफिकीरपणे म्हटले, की मला उगाच राग येतो. टोकियोहून संध्याकाळी निघालेला प्रवासी त्याच तारखेच्या सकाळी लॉस एंजेलिसला उतरतो. त्याला ‘किती वेळ लागला’ असे विचारावे तरी कोणत्या तोंडाने!

त्या दुपारी माझा दीड तास शेवटपर्यंत नीट जुळला नाही. आणि तो 36 सेंटीमीटरचा दोरा मी बरेच दिवस जपून ठेवणार होतो, पण आईने संध्याकाळीच तो सुईत ओवला, माझ्या सदऱ्याचे तुटलेले बटण लावले आणि उरलेला दाताने तोडून टाकला.