कोशातला पतंग बघायला आरमोरीला

टसर रेशमाचा पतंग रानात बघायचा म्हणून जून सरताना गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीकडे गेलो. रेल्वेने वडसा, पुढे एसटी. पाऊस नुकताच लागला होता. हीच वेळ साधा. हिवाळ्यात कोशात गेलेला हा जीव अख्खा उन्हाळा आत निजून काढतो आणि हवेत ओल आली की बाहेर पडतो.

शोध दिव्यापासून नको, झाडापासून सुरू करा. ऐन (इकडचा येन) आणि अर्जुन ही त्याची झाडं. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, लांबूनही कळते. कोसा, म्हणजे त्याचा रेशमी कोश, टणक, अंडाकृती, देठाने लोंबणारा. देठाच्या टोकाचं कडं फांदीला घट्ट आवळलेलं. हे कडं दिसलं की खात्री झालीच.

अंधार पडल्यावर परवानगी घेऊन पांढरी चादर बांधली, दिवा लावला. आले ते बहुतेक नर, विटकरी-तपकिरी, पिसासारख्या रुंद मिशांचे. मादी थोराड, पिवळसर, मिशा अरुंद. दोघांच्याही चारही पंखांवर एकेक गोल पारदर्शक खिडकी असते. मागून टॉर्च धरला की उजेड आरपार येतो. फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा पतंग आला तर तो मून मॉथ, टसर नव्हे.

या पतंगाला खाता येत नाही. अळीपणी साठवलं त्यावर जेमतेम आठवडाभर जगायचं, त्यातच जोडीदार गाठायचा, मादीने दीड-दोनशे अंडी घालायची. म्हणून दिवा रात्रभर जाळू नका. फोटो झाले की लगेच मालवा. त्याची एक रात्र फुकट घालवणं मला तरी अन्याय वाटतो.

इथली ढिवर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ऐनावर अळ्या पोसून कोसा घेतात. मुंग्या, गांधीलमाशा, पाखरं यांच्यापासून दिवसभर राखण करावी लागते, तेव्हा पीक हाती येतं. त्यामुळे कोसा तोडू नका, अळ्यांच्या झाडांत विचारल्याशिवाय शिरू नका. विचारलंत तर माणसं हौसेने दाखवतात, आणि पुस्तकात नसलेलं बरंच सांगतात.

मलेरियाचा भाग आहे, मच्छरदाणी हवीच. रात्री पायात गमबूट घाला. अळ्या बघायच्या असतील तर जुलैत या: अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, पुढे महिनाभर तरी हिरव्यागार अळ्या पानांवर असतात.