चोर्ला घाटात दोन तास
आज बेळगावहून वाळपईला परत येताना चोर्ला घाटात अडकलो, फार काही नाही, एक झाड आणि ट्रकभर लाल चिखल, पण जेसीबी येईपर्यंत डोंगराकडेच बघत बसलो. वर जांभा, खाली मऊ शेडी (चिकणमातीचा थर) आणि रस्त्यासाठी पायथा उभाच्या उभा कापलेला, वरचं पाणी वळवायला गटार नाही, मग चार दिवस पाऊस मुरल्यावर ती माती धरणार कशाला?

सोबतचे काका म्हणाले, "दरड वेगळी, चिखलाचा लोंढा वेगळा." खरंय. दरड बहुतेकदा पायथ्याशी थांबते, लोंढा ओहोळ पकडून झाडं-दगड घेऊन धावत सुटतो. वायनाडला ३० जुलै २०२४ ला डोंगर सुटला तो आठेक किलोमीटर खाली गेला, म्हणजे डोंगरापासून लांब राहणारेही सापडले त्यात. आणि पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं ते पण ३० जुलैलाच, २०१४ ला. काटाच आला अंगावर.

काका सांगत होते, भर पावसात ओहोळ अचानक आटला की वर कुठेतरी तुंबलाय समजायचं आणि काठ सोडून बाजूच्या उंचावर पळायचं, सामानबिमान राहूदे.

आमच्या वाड्यावर भावाच्या नव्या घराची मागची भिंत बरोब्बर ओहोळाला टेकलीय... उद्या फोन करतो त्याला. (घाटातला चहावाला मात्र आज मालामाल 😄)